एकटीच्या राईडचा एक दिवस केवढा असावा?

वाचकाचं पत्र:

"ताई, मी भांडुपला राहते, वय ३१, ऑफिस ऐरोलीला. ३५० सीसीची गाडी चार वर्षं चालवतेय, माळशेज, नाशिक, महाबळेश्वर हे सगळं एकटीने केलंय. मागच्या डिसेंबरात दोन्ही वीकेंड धरून दहा दिवस काढले आणि मुंबई-कन्याकुमारी-मुंबई सोलो ठरवली. आठ दिवस रोज साधारण ४०० किमी आणि दोन दिवस कन्याकुमारीत आराम असा प्लॅन. निघायच्या आदल्या रात्री पॅकिंग करता करता दीड वाजला, चारला उठून निघाले, रात्री नऊला सावंतवाडी. दुसऱ्या दिवशी मंगळूर, तेही रात्रीच. ज्या मरवंतेच्या समुद्राकाठच्या रस्त्याचे व्हिडिओ बघून मी ही राईड ठरवली तो रस्ता अंधारात कधी गेला कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी कोची गाठायचं होतं. दुपारी साडेतीनला वडकराच्या आसपास एका पंपावर पेट्रोल भरलं, गाडी बाजूला लावली आणि रडायलाच लागले. काही झालं नव्हतं हो, गाडी ठीक होती, कोणी काही बोललं नव्हतं. फक्त पुढे जायचं की थांबायचं, थांबायचं तर कुठे, आधी जेवायचं का, काहीच ठरवता येईना. आईचा फोन आला तोही उचलला नाही. तिथेच ठरवलं बास झालं आणि दुसऱ्या दिवशी परत फिरले. आता ओळखीचे रायडर म्हणतात सोलो सगळ्यांना जमत नाही, भाऊ म्हणतो जायचंच तर ग्रुपबरोबर जा, आई तर गाडी विकूनच टाक म्हणते. या डिसेंबरला मला परत जायचंय पण तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच होईल अशी भीती वाटते. मी मनाने कमकुवत आहे का? आणि आईला काय सांगू?"

उत्तर:

कमकुवत अजिबात नाहीस, हे आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. तुझं पत्र वाचल्यावर मी तुझ्या मनाचा विचार नंतर केला, आधी तुझे तीन दिवस कागदावर मांडले. भांडुप ते सावंतवाडी ५०० च्या आसपास, तेही अडीच तास झोपून. सावंतवाडी ते मंगळूर ४०० च्या वर. आणि तिसऱ्या दिवशी मंगळूर ते कोची पुन्हा ४०० च्या वर, म्हणजे साडेतीनला वडकराला तू जेमतेम निम्मं अंतर केलं होतंस आणि पुढे कोझिकोड, पोन्नानी, गुरुवायूरच्या बाजूची सगळी गर्दी, रस्त्याची कामं, आणि अंधार. त्या पंपावर जे रडू आलं ते शरीराने घातलेलं ब्रेक होतं. तुझ्या जागी दुसरं कोणीही असतं, पुरुष असता, दहा वर्षं चालवणारा असता, तरी त्या वेळी त्या जागी त्याचंही डोकं बंदच पडलं असतं. फरक इतकाच की काही लोक रडत नाहीत, ते तसेच पुढे जातात, आणि मग कुठेतरी डिव्हायडर चुकतो.

आता मुद्द्याचं. लोक सोलो म्हटलं की एकटेपणाबद्दल बोलतात, सोबत कोणी नाही, बोलायला कोणी नाही वगैरे. मला वाटतं एकटीच्या राईडमध्ये खरं ओझं निर्णयांचं असतं. ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतं चला इथे चहा घेऊ, कोणीतरी लॉज बघतं, कोणीतरी म्हणतं आता बास. एकटी असलीस की हे सगळं तूच, दिवसभर, आणि त्यात रस्त्यावरचे निर्णय वेगळेच, हा ट्रक ओव्हरटेक करू का, हे डायव्हर्जन खरं की जुनं, सर्व्हिस रोडला उतरायचं की वरून जायचं, समोरचा रिक्षावाला वळणार की नाही. हे मिनिटाला चार-पाच तरी होतात आणि आपल्या लक्षातही येत नाही की आपण काही ठरवतोय. दुपारी तीनपर्यंत डोकं रिकामं होतं. आणि नेमकं तेव्हाच दिवसातले सगळ्यात मोठे प्रश्न उभे राहतात, आज कुठे थांबायचं, जमेल का, परत जाऊ का. म्हणून माझा तुला एकच सल्ला आहे, बाकी सगळं त्याच्याच पोटात येतं: मोठे निर्णय सकाळी, ताज्या डोक्याने, घेऊन ठेव, आणि दिवस एवढा छोटा ठेव की दुपारी चारच्या नंतर तुला काहीच ठरवावं लागू नये.

दिवस छोटा म्हणजे किती, हा तुझा पुढचा प्रश्न असणारच. आपल्याकडे किलोमीटर बघून प्लॅन करतात आणि तिथेच गडबड होते. एन एच ६६, म्हणजे पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत जाणारा, कोचीपर्यंत आपला जुना एन एच १७, साधारण १६०० किमीचा आहे पण तो एक रस्ता नाहीच. आपल्या कोकणातल्या टप्प्याचं काम २०११ पासून चालू आहे, कुठे सुंदर काँक्रीट, कुठे अचानक खाली उतरवणारं डायव्हर्जन आणि त्यावर सैल खडी. कारवारपासून खाली उडुपीपर्यंत बराचसा मोकळा. केरळात शिरलीस की गाव कधी संपतच नाही, घरं, दुकानं, शाळा, बस, पुन्हा घरं, आणि मधे सहा पदरीचं काम. तिथे नकाशावरचे २०० किमी म्हणजे सात तास सहज. त्यामुळे तू तासात मोज. थांबे धरून ताशी ४० च्या वर हिशोब धरू नकोस, आणि खोगीरावरचे तास सहाच्या वर जाऊ देऊ नकोस. म्हणजे दिवसाला २०० ते २४०. मला माहितीय हे वाचून तुझे ते रायडर मित्र हसतील, त्यांना हसू दे. एका दिवसात ६०० करता येतात, मी नाही म्हणत नाही, पण एक दिवस करणं आणि रोज उठून सलग सात दिवस करणं यात फार अंतर आहे.

एक दिवस कसा जावा ते जरा सविस्तर सांगते कारण सगळी गंमत आणि सगळा धोका त्यातच आहे.

आदल्या रात्रीपासून सुरुवात. पॅकिंग निघायच्या दोन दिवस आधी संपव, लगेज गाडीला बांधून एक चक्कर मारून बघ, पवईपर्यंत जा आणि ये, बॅग सरकते का, साईड स्टँडवर गाडी जास्त कलते का. आदली संध्याकाळ रिकामी पाहिजे, जेवून साडेनऊला झोप. मुंबईतून पाचच्या आत बाहेर पड, ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोड, पनवेल, पळस्पे. तुझ्याकडे तसाही दुसरा फारसा पर्याय नाही, अटल सेतूवर दुचाकीला बंदी, एक्सप्रेसवेवर बंदी, ईस्टर्न फ्रीवेवर बंदी. पळस्पेला बंदराकडचे कंटेनर सुरू व्हायच्या आत पेणच्या रस्त्याला लागलीस की अर्धी लढाई झाली. आणि पहिला दिवस चिपळूणलाच संपव! हो, चिपळूण. दुपारी एक-दीडला पोचशील, तुला वाटेल हे काय, ही तर वीकेंडची राईड झाली, पण पहिल्या दिवशी शरीराला कळत नसतं की आता आठवडाभर हेच आहे, त्याला हळू सांगावं लागतं.

सकाळी निघताना टायर थंड असतात तेव्हाच हवा बघायची, रोज. चेनचा ताण हाताने वर-खाली करून बघायचा. तुझी गाडी स्पोक व्हीलची असेल तर बहुतेक ट्यूबवाले टायर असणार, मग एक स्पेअर ट्यूब पुढची एक मागची बरोबर ठेव, गावातला पंक्चरवाला टायर काढून देईल पण तुझ्या साईजची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही. क्लच केबल एक जास्तीची. एवढं बास, पूर्ण गॅरेज घेऊन फिरू नकोस, वजन वाढलं की संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी मागे ढकलताना कळतं.

सकाळी साडेपाच ते नऊ हे तुझे सोन्याचे तास. ऊन नाही, ट्रॅफिक नाही, डोकं ताजं. अर्धं अंतर तेव्हाच होतं. मग नीट बसून नाश्ता, आणि त्या नाश्त्याच्या टेबलवर, चहा पिता पिता, तू तीन गोष्टी ठरवायच्या: आज रात्री कुठे, पोचायला उशीर होणार असं दिसलं तर त्याच्या ५०-६० किमी अलीकडे कुठे, आणि आज जेवण कुठे. मग लगेच त्या लॉजला फोन करायचा, एकटी आहे, तीनपर्यंत येते, गाडी गेटच्या आत लागेल का. झालं, दिवसाचे मोठे निर्णय सकाळी नऊच्या आत संपले. आता दुपारी तू कितीही थकलीस तरी तुला विचार करायचा नाहीये, फक्त सकाळच्या तूने जे सांगितलंय ते ऐकायचंय.

दर सव्वा तासाने थांबायचं, थकवा आला म्हणून थांबायचं असं नाही, घड्याळात वेळ झाली म्हणून थांबायचं. हेल्मेट काढ, पाणी पी, पाच मिनिटं चाल. पाण्याचं विशेष सांगते कारण गाडीवर घाम आलेला कळतच नाही, वारा तो लगेच सुकवतो, आणि आपल्याला वाटतं आपण ठीक आहोत. डोकं जड, चिडचिड, लघवी पिवळी, ही सगळी पाणी कमी पडल्याची लक्षणं. बायका बाथरूम मिळणार नाही म्हणून पाणी टाळतात, मला माहितीय, तू तसं करू नकोस. आता मोठ्या पंपांवर आणि चांगल्या हॉटेलात सोय असते, आणि थांबायचं ठिकाण त्या हिशोबानेच निवड. दुसरं म्हणजे कानात फोमचे इअरप्लग, इअरफोन नाही, साधे फोमचे. ८०-९० च्या स्पीडला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलपर्यंत आणि त्याच्याही वर जातो, दिवसभर तो आवाज कानात गेला की संध्याकाळी जो एक सुन्नपणा येतो तो निम्मा त्याचाच असतो. हॉर्न त्यातूनही ऐकू येतो.

दुपारचं जेवण. उडुपी-मंगळूरच्या पट्ट्यात केळीच्या पानावर भाताचा डोंगर येतो आणि तो सोडवत नाही, पण दुपारी दोन ते चार ही वेळ तशीही शरीराला झोप आणणारीच असते, त्यात पोटात भात. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर, एवढ्यात आपली लोकलच्या तीन डब्यांएवढी लांबी झाली. भात रात्री खा. दुपारी दोन डोसे, ताक, केळं, आणि जमलं तर देवळाच्या आवारात नाहीतर पंपावर सावलीत वीस मिनिटं पाठ टेकव, बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून.

आता हे नीट वाच. थकवा अंगात यायच्या खूप आधी हातात दिसतो. वळून झालं तरी इंडिकेटर चालूच राहिलाय आणि मागचा कोणीतरी हॉर्न मारून सांगतोय. पाचव्यात असताना तुला वाटतंय चौथ्यात आहे आणि तू पुन्हा पायाने गिअर शोधतेयस. एकाच ट्रकच्या मागे दहा मिनिटं चाललीयस, ओव्हरटेकला जागा मिळतेय तरी घेत नाहीस, किंवा उलट, नको तिथे घुसतेयस आणि त्या ट्रकवाल्याचा राग येतोय. पाटी वाचली पण काय लिहिलं होतं ते आठवत नाही. यातलं एक झालं तर पुढच्या थांब्याला जास्त वेळ थांब. दोन झाली तर आजचा दिवस संपला, सकाळी जे अलीकडचं गाव ठरवून ठेवलंस तिथे जा, आणि त्यावर स्वतःशी वाद घालू नकोस. वडकराच्या आधी, थलश्शेरीच्या आसपास, तुझं यातलं काही ना काही झालं असणार, आठवून बघ.

चारला लॉजवर. बूट काढ, अंघोळ कर, मग गाडीकडे परत ये, चेनला ल्यूब मार (साधारण ५०० किमीला एकदा, म्हणजे तुझ्या हिशोबात दोन दिवसाआड), नटबोल्टवर हात फिरव. आणि मग दिवसाचे दोन तास उजेड तुझ्याकडे उरलेला असतो. लोक हा भाग सोडून देतात आणि मग घरी येऊन सांगतात नुसती गाडीच चालवली. तुझं मरवंते बघ ना. एका बाजूला रस्त्याला लागून समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मधून एन एच ६६, असं ठिकाण आपल्याकडे दुसरं सापडायचं नाही, आणि तू ज्याच्यासाठी एवढ्या लांब गेलीस ते तुझ्या हेडलाईटच्या बाहेर राहिलं. २०० किमीच्या दिवसात गोकर्णहून सकाळी निघून तू तिथे अकराच्या आत असशील, गाडी बाजूला लावून तासभर दगडांवर बसशील आणि तरी उडुपीला तीनला पोचशील. मला तुझ्या पत्रातली ही एक ओळ सगळ्यात जास्त लागली, रडण्यापेक्षाही.

परत फिरलीस ते चूक का बरोबर? बरोबरच, कारण त्या अवस्थेत पुढचे तीन-चार दिवस ओढण्यात काही अर्थ नव्हता. एवढंच म्हणेन की पुढच्या वेळी ट्रिप सोडायचा निर्णय पंपावर दुपारी घ्यायचा नाही. चारनंतर फक्त एकच गोष्ट ठरवायची परवानगी, आता थांबायचं. ट्रिप चालू ठेवायची की नाही हे दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर. आणि एक पूर्ण सुट्टीचा दिवस प्लॅनमध्येच धर, चौथ्या-पाचव्या दिवशी, गोकर्ण किंवा उडुपी, गाडीला हात लावायचा नाही, कपडे धुवायचे, झोपायचं.

दहा दिवसांत कन्याकुमारी जाऊन येऊन हे गणित माझ्या हिशोबाने बसत नाही, स्पष्टच सांगते. तू एकाच बाजूने गाडी चालव. चिपळूण, सावंतवाडी, गोकर्ण, एक दिवस आराम, उडुपी, कन्नूर, गुरुवायूर, कोची. आठ दिवस झाले. कोचीहून गाडी रेल्वेने चढवून तू पण ट्रेनने ये, नेत्रावती एक्सप्रेस एर्नाकुलमवरून कोकण रेल्वेने लोकमान्य टिळक टर्मिनसला येते, तिथून तुझं घर किती लांब. त्यात कमीपणा काही नाही, परतीचा तोच रस्ता थकलेल्या अंगाने कापण्यात मला तरी काही कमावल्यासारखं वाटत नाही. कन्याकुमारी राहते, तर राहू दे, पुढच्या वर्षी कोचीपासून पुढे सुरू कर. आणि तारखा निवडताना नाताळ ते एक जानेवारी टाळ, गोव्याला निघालेली सगळी मुंबई त्याच रस्त्यावर असते, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत केरळात शबरीमलाच्या भाविकांच्या गाड्या असतात, सकाळी लवकर निघण्याचा फायदा तिथेही होतो.

भावाच्या बोलण्याबद्दल. ग्रुप म्हणजे आपोआप सेफ असं नसतं. ग्रुपमध्ये सगळ्यात मागचा रायडर सगळ्यात जास्त धोक्यात असतो, कारण पुढच्यांना गाठायला तो स्वतःच्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवतो, आणि तो थकलाय हे त्याला चारचौघांत सांगवत नाही. गाडी बंद पडली तर मदत लगेच मिळते हा खरा फायदा, तेवढा मान्य. तुला एकटीला जायचंय ना, मग एकटीच जा, पण भावाला एक काम दे: तुझं लाईव्ह लोकेशन तो बघेल, आणि रोज सकाळी नाश्त्यानंतर तू त्याला तीन ओळींचा मेसेज टाकशील, आज कुठे, लॉजचा नंबर, पर्यायी गाव कुठलं. घरी बसलेल्या माणसाला काम मिळालं की त्याची निम्मी काळजी कमी होते.

आणि आई. गाडी विक म्हणतात ते मला समजतं, त्यांच्या बाजूने बघ, मुलगी वडकरा नावाच्या कुठल्यातरी गावाजवळ आहे, फोन उचलत नाहीये, आणि त्यांना ते गाव केरळात आहे की तामिळनाडूत हेसुद्धा माहीत नाही. त्यांना "काळजी करू नकोस" सांगून काही उपयोग नाही, आईला ते जमत नसतं. त्याऐवजी काळजी कधी करायची ते सांग. सकाळी निघताना एक फोन, लॉजवर पोचल्यावर एक फोन, मधे गाडीवर असताना मी उचलणार नाही, आणि साडेसहा वाजले आणि माझा फोन आला नाही तर या लॉजला फोन कर, मग दादाला सांग. नंबर लिहिलेला कागद फ्रीजवर लाव, ११२ आणि हायवेची हेल्पलाईन १०३३ त्यावर असू दे. आणि तू साडेसहाच्या आत फोन करायचाच, रेंज नसेल तर लॉजच्या फोनवरून. हे तू पाच दिवस नेमाने केलंस की सहाव्या दिवशी त्याच विचारतील, काय खाल्लंस म्हणून. त्या दिवशी फोन उचलला नाहीस त्याबद्दल त्यांच्याशी एकदा नीट बोल, रडत होते म्हणून नाही उचलला हे खरं सांग. त्यांनी त्या रात्री काय काय कल्पना केली असेल त्यापेक्षा खरं कमीच भीतीदायक आहे.

लॉजच्या बाबतीत तुला कळतंच असेल तरी लिहिते. रूम बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आतून कडी नीट लागते का ते बघायचं. टपरीवर कोणी विचारलं एकटीच का, कुठे मुक्काम, तर पुढच्या गावाचं नाव सांगायचं आणि मागून मंडळी येतायत म्हणायचं. बहुतेक लोक खरंच कौतुकाने विचारतात, उडुपीकडच्या मावशा तर जास्तीची चटणी वाढतात, तरी सांगायचं तेच.

डिसेंबरच्या आधी एक वीकेंड काढून रंगीत तालीम कर. शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट मांडवा, तासाभराचा प्रवास. मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, आगरदांड्याला फेरीबोटीने दिघी, तिथून दिवेआगर, श्रीवर्धन. मुक्काम. रविवारी म्हसळा-माणगाववरून हायवेने घरी. हा रस्ता मी मुद्दाम सांगतेय कारण फेरीबोट तुला जबरदस्तीने थांबवते, गाडी स्टँडवर, तू रेलिंगला, करण्यासारखं काहीच नाही. थांबायची सवय तिथे लागते. नाश्त्याला तीन गोष्टी ठरवणं, चारला मुक्काम, आईला दोन फोन, सगळं त्या दोन दिवसांत करून बघ, कुठे अडतं ते कळेल आणि आईंनाही एकदा ती पद्धत बघायला मिळेल. फक्त पावसाळा संपल्यावर जा, हवा खराब असली की बोटी बंद ठेवतात.

राहिलं रेल्वेचं. गाडी तुझ्या तिकिटावर लगेज म्हणून जाते किंवा पार्सल म्हणून वेगळी. आर सी बुकची आणि ओळखपत्राची झेरॉक्स, स्वतःचं तिकीट, आणि टाकी पूर्ण रिकामी, हे पक्कं, पेट्रोल असेल तर घेत नाहीत. त्यामुळे कोचीत शिरताना टँक फुल करू नकोस, स्टेशनपर्यंत पुरेल एवढंच ठेव. आरसे काढून बॅगेत टाक, पॅकिंग करणारी माणसं पार्सल ऑफिसच्या बाहेरच असतात, हेडलाईट आणि टाकीला पुठ्ठा जास्त लावून घे, उभी राहून करून घे. आदल्या दिवशीच जाऊन चौकशी कर की त्या ट्रेनला जागा आहे का, नसेल तर गाडी एक-दोन दिवस मागून येईल आणि तुला पावती घेऊन टर्मिनसला सोडवायला जावं लागेल, तेव्हा ती पावती जॅकेटच्या आतल्या खिशात.